लेकीच्या खेळाचा हिशेब

माझे निम्मे आयुष्य आकड्यांत गेले आहे. बी.कॉम. झालो, कचेरीत लिपिक म्हणून लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे जमेच्या रकान्यात जमा, खर्चाच्या रकान्यात खर्च लिहीत आलो. रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतो. तेथेही आकडेच. उत्पन्नाचा दाखला, टक्केवारी, गुणपत्रिका. त्यामुळे आकड्याच्या बाबतीत आपण चुकणार नाही, असा माझा एक गोड गैरसमज होता. तो माझ्या मुलीने दूर केला. त्यात माझी फजिती आहे, तरीही सांगतो. कारण तशीच चूक आपल्यापैकी अनेक आईबाप करीत असतील.

आमची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळते. २०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. त्या दिवशी त्यांचा संघ तीन गुणांनी हरला होता. संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा माझी बहीण आणि दाजी आलेले होते. दाजींनी विचारले, "काय गं पोरी, किती गुण केलेस?" ती म्हणाली, "चार." मी पटकन बोलून गेलो, "चार गुणांसाठी दोन हजारांचे बूट! तेवढा वेळ अभ्यास केला असता तर परीक्षेत चार मार्क तरी वाढले असते."

सगळे हसले. ती हसली नाही. बूट उचलून आत गेली. तिच्या आईने माझ्याकडे असे पाहिले की हातातला चहा मला गोड लागेना.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरते बोलत होती. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यापुढे एक वही ठेवली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही हिशेबाचे माणूस ना? मग हा हिशेब लावून दाखवा. नुसती जमेची बाजू पाहून ताळेबंद कधीपासून काढायला लागलात?"

टोला वर्मी बसला. मी वही उघडली.

सामन्याच्या अधिकृत गुणपत्रकात कोणी किती गुण केले आणि कोणी किती फाऊल केले एवढेच लिहितात. ही वही वेगळी होती. संघातल्या एका राखीव मुलीने बाकावर बसून ती लिहिली होती. कोणी बास्केटकडे किती वेळा चेंडू टाकला, किती वेळा तो पडला, चुकलेला चेंडू कोणी परत झेलला, कोणाच्या हातून चेंडू गेला, हे सारे तिने रेघा मारून टिपले होते. आमच्या कचेरीतल्या रोजकीर्दीइतकी ती वही स्वच्छ होती.

मुलीने मला पहिला धडा दिला तो 'ताबा' या शब्दाचा. आपल्या संघाच्या हाती चेंडू आल्यापासून तो समोरच्या संघाकडे जाईपर्यंत जे घडते, तो एक ताबा. आपला ताबा संपला की त्यांचा सुरू होतो. त्यामुळे एका सामन्यात दोन्ही संघांच्या वाट्याला जवळजवळ सारखेच ताबे येतात. आता प्रश्न असा की, मिळालेल्या ताब्यांत तुम्ही गुण किती काढले?

ताबे मोजण्याची रीत सोपी आहे. बास्केटकडे केलेल्या फेकी घ्यायच्या. त्यातून आपल्याच चुकलेल्या फेकीवर आपणच परत झेललेले चेंडू, म्हणजे आक्रमणातले रिबाउंड, वजा करायचे, कारण तेथे ताबा सुटलेलाच नसतो. हातून गेलेले चेंडू मिळवायचे. शेवटी फ्री थ्रोच्या संख्येला ०.४४ ने गुणून तेही मिळवायचे. हे ०.४४ कोठून आले? फाऊल झाला की बहुधा दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे दोन मिळून एक ताबा. पण बास्केट झाली आणि वर एक फ्री थ्रोही मिळाला, तर त्याचा निराळा ताबा धरता येत नाही. म्हणून निम्म्याहून थोडे कमी. कॉलेजच्या खेळासाठी काही जण ०.४७५ धरतात.

आमच्या मुलींच्या ६२ फेकी, १४ आक्रमणातले रिबाउंड, २१ वेळा चेंडू गमावला आणि १६ फ्री थ्रो. हिशेब लावला तर ताबे झाले ७६. समोरच्यांचे आकडे अगदी वेगळे होते, पण त्यांचेही ताबे ७६ च निघाले. माझ्यासारख्या माणसाला दोन्ही बाजूंची बेरीज जुळल्याचा आनंद वेगळाच असतो! आमचे गुण ५४, म्हणजे एका ताब्याला ०.७१. त्यांचे ५७, म्हणजे ०.७५. एवढ्या बारीक फरकाने सामना गेला होता.

येथे एक गंमत सांगतो. आमच्या कॉमर्समध्ये टर्नओव्हर म्हणजे उलाढाल. टर्नओव्हर वाढला की मालक पेढे वाटतो. बास्केटबॉलमध्ये टर्नओव्हर म्हणजे हातून चेंडू जाणे. तो वाढला की कोच डोक्याला हात लावतो. मला हे समजायला एक पूर्ण संध्याकाळ लागली.

पण उलाढालीची खरी गोष्ट पुढेच आहे. समजा, एक संघ धावपळीचा खेळ खेळतो आणि ८० ताब्यांत ८० गुण करतो. दुसरा संघ सावकाश, जागा पाहून खेळतो आणि ६० ताब्यांत ६६ गुण करतो. वर्तमानपत्रात पहिल्याचे नाव होईल, कारण ८० हा आकडा मोठा. प्रत्यक्षात पहिल्याला एका ताब्यामागे एक गुण मिळाला आणि दुसऱ्याला १.१. पहिल्याची उलाढाल मोठी, दुसऱ्याचा नफ्याचा दर चांगला. हे बाजारातल्या कोणत्याही दुकानदाराला कळते, आणि मी बी.कॉम. असून गुणांचीच बेरीज करीत बसलो होतो. वेगाने खेळणे हा दोष नव्हे आणि गुणही नव्हे. ती खेळण्याची तऱ्हा आहे. वेग वेगळा मोजायचा आणि आक्रमणाचा कस वेगळा मोजायचा, एवढेच.

ही विद्या मुलीला कोठून मिळाली, असे मी विचारले. तेव्हा तिने अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या खेळाविषयी सांगायला सुरुवात केली. मार्च-एप्रिल २०२४ मध्ये तर तिच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता. तिच्यामुळे मीही त्या सामन्यांचे तक्ते वाचू लागलो आणि जमेल तेवढा इतिहास वाचून काढला.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेत निघाला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजच्या मुलींना शिकवला. मुलींना जास्त धावणे झेपणार नाही, या समजुतीने मैदानाचे तीन भाग केले आणि प्रत्येकीने आपल्याच भागात राहायचे असा नियम केला. १८९६ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला, त्याची अखेरची गुणसंख्या होती २-१. पुरुषांना तो पाहायलाही मज्जाव होता. पुढे कितीतरी वर्षे सहा जणींचा खेळ चालला. तीन मुली आक्रमणाच्या, तीन बचावाच्या, आणि मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. आयोवा राज्यातल्या शाळांत तर हा प्रकार १९९३ पर्यंत सुरू होता. तेथेच १९६८ साली डेनिस लाँग या शाळकरी मुलीने एका सामन्यात १११ गुण केले होते.

हे वाचताना मी थबकलो. त्या खेळात बचावाच्या तीन मुलींना बास्केटकडे चेंडू टाकण्याची परवानगीच नव्हती. म्हणजे शाळेची सगळी वर्षे घाम गाळला तरी तिच्या नावापुढे गुण शून्य. तिच्या बापानेही घरी 'किती केलेस' असे विचारले असेल काय?

१९७१ पासून अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुली पुरुषांसारख्या पाच जणींनी पूर्ण मैदानभर खेळू लागल्या. १९७२ मध्ये 'टायटल नाइन' हा कायदा झाला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करण्यास मनाई झाली. त्याने मुलींच्या खेळाचे दार उघडले. वेगाच्या बाबतीत तर त्या पुरुषांच्या पुढेच होत्या. ३० सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकलाच पाहिजे, ही घड्याळाची शिस्त मुलींच्या खेळात आधी आली. पुरुषांच्या कॉलेज खेळात तसले घड्याळ १९८५-८६ च्या हंगामात सक्तीचे झाले, तेही ४५ सेकंदांचे.

आकडेशास्त्र मात्र आधी पुरुषांच्या खेळात रुजले. डीन ऑलिव्हर यांनी २००४ मध्ये 'बास्केटबॉल ऑन पेपर' हे पुस्तक लिहून आक्रमण चार बाबींवर तोलायला शिकवले. फेकी किती अचूक, चेंडू किती वेळा गमावला, चुकलेल्या फेकींपैकी किती परत मिळवल्या आणि फ्री थ्रो किती कमावले. अचूकता मोजतानाही त्यात एक न्याय आहे. एकीने १० पैकी ५ फेकी दोन गुणांच्या केल्या, म्हणजे १० गुण. दुसरीने १० पैकी ४ केल्या, पण तीन गुणांच्या, म्हणजे १२ गुण. साध्या टक्केवारीत पहिली ५० आणि दुसरी ४०, म्हणजे दुसरी कमी ठरते. म्हणून तीन गुणांच्या प्रत्येक बास्केटला दीडपट धरतात. मग दुसरीचे ६० टक्के होतात आणि खरे चित्र दिसते.

आता त्या मोसमाविषयी. आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क हिचे नाव तेव्हा जगभर झाले होते. २०२३-२४ च्या हंगामात तिची सामन्यामागे सरासरी होती ३१.६ गुण आणि ८.९ सहाय्ये, म्हणजे जिच्या पासवर दुसरीने बास्केट केली असे पास. तिचा संघ वेगवान खेळे आणि गुणांच्या सरासरीत देशात पहिला होता. मी मुलीला म्हणालो, "वेगामुळे हिचे गुण फुगले असतील." ती म्हणाली, "पप्पा, आता तुम्ही बरोबर शंका काढली. पण शंका काढून थांबायचे नाही, भागाकार करायचा." भागाकार केल्यावरही क्लार्क वरच राहते. सामन्यामागे चारहून अधिक वेळा तिच्या हातून चेंडू जाई, हे खरे. पण संघाचे एवढे ताबे जिच्या हातून जातात, तिच्या हातून काही निसटणारच. ज्या कारकुनाकडे सर्वांत जास्त फाइली, त्याच्याच फाइलींत चुका जास्त सापडतात!

७ एप्रिल २०२४ ला अंतिम सामना झाला. आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलिना. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटली होती. सकाळी मुलीने चहाच्या वेळी मोबाइलवर तक्ता दाखवला. क्लार्कचे ३० गुण, त्यातले १८ पहिल्या दहा मिनिटांतच. नुसते हे वाचले तर आयोवाच जिंकले असे वाटेल. पण साउथ कॅरोलिनाने ८७-७५ असा विजय मिळवला आणि ३८ पैकी ३८ सामने जिंकून हंगाम संपवला. मुलगी म्हणाली, "आता खालच्या ओळी वाचा." रिबाउंड साउथ कॅरोलिनाचे ५१, आयोवाचे २९. राखीव खेळाडूंचे गुण साउथ कॅरोलिनाचे ३७ आणि आयोवाचा शून्य. त्यांच्या कमिला कार्डोसोचे गुण १५ च, पण रिबाउंड १७. प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी बाकावरच्या मुलीही तयार ठेवल्या होत्या. आयोवाचा सारा भार काही मोजक्या खांद्यांवर होता. चळवळीत काम करणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्याच हंगामात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती माझ्या मनातून जात नाही. क्लार्कने १५ फेब्रुवारीला केल्सी प्लमचा ३,५२७ गुणांचा विक्रम मोडला आणि सर्वत्र जयजयकार झाला. एनसीएए या संघटनेच्या वहीत तोच विक्रम होता. पण एनसीएएने महिलांच्या स्पर्धा १९८१-८२ पासून घेतल्या. त्याआधी मुलींच्या खेळाची एआयएडब्ल्यू नावाची स्वतंत्र संघटना होती आणि त्या काळात कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूने ३,६४९ गुण केले होते. तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती आणि मुलींसाठी लहान चेंडूही आलेला नव्हता. पुरुषांच्याच चेंडूने ती खेळली. छोट्या कॉलेजच्या पर्ल मूर या दुसऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूचे तर ४,०६१ गुण होते. क्लार्कची कॉलेजची कारकीर्द ३,९५१ गुणांवर संपली, म्हणजे मूर तिच्याही पुढे. पण या दोघींचे आकडे एनसीएएच्या विक्रमांच्या यादीत नव्हते. क्लार्कने वुडर्डला मागे टाकले, त्या निमित्ताने अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले.

यात क्लार्कचा दोष काही नाही. दोष वहीचा. आकडा खोटा नव्हता, पण वही अर्धीच होती. पहिला एनसीएए अंतिम सामना १९८२ मध्ये झाला, त्यात लुइझियाना टेकने चेनी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या जुन्या कॉलेजला ७६-६२ असे हरवले. ती नोंद आहे म्हणून चेनीच्या मुली तेथवर गेल्या होत्या, हे आज सांगता तरी येते. अभ्यासिकेत फॉर्म भरताना मी मुलांना नेहमी सांगतो की, यादीत नाव नसेल तर तुम्ही कितीही हुशार असा, साहेबाच्या लेखी तुम्ही नाहीच. तेच मी माझ्या घरात, माझ्याच मुलीच्या बाबतीत केले होते. मी एकच रकाना पाहिला आणि बाकीचे कोरे समजलो.

आता वहीकडे परत येतो. आमच्या संघातल्या सर्वांत नावाजलेल्या मुलीने त्या सामन्यात २० गुण केले होते. पण त्यासाठी २४ फेकी, ४ फ्री थ्रो लागले आणि ७ वेळा चेंडू गेला. म्हणजे सुमारे ३३ ताबे खर्चून २० गुण. दर ०.६१, संघाच्या सरासरीपेक्षा कमी. माझ्या मुलीने ३ फेकी, २ फ्री थ्रो आणि एकदा गमावलेला चेंडू, असे पाचाच्या आत ताबे खर्चून ४ गुण केले. दर ०.८२. शिवाय १४ पैकी ६ आक्रमणातले रिबाउंड तिचे एकटीचे. हातून जाणारे सहा ताबे तिने परत आणले. संघाच्या ०.७१ या दराने धरले तरी चारेक गुण त्यातून आले असतील, आणि ते इतरांच्या नावावर लागले.

मी खूश होऊन म्हणालो, "म्हणजे तू तिच्यापेक्षा चांगली!" मुलीने मान हलवली. "नाही पप्पा. घड्याळात दोन सेकंद उरले की सगळ्या जणी चेंडू तिच्याकडेच देतात. अवघड फेकी तिच्या वाट्याला येतात. मी चोवीस फेकी करायला लागले तर माझा दर तिच्याहूनही खाली येईल. तिच्यामुळे दोन-दोन मुली तिच्यामागे धावतात, म्हणून मला रिबाउंडला जागा मिळते. आणि एका सामन्यावरून काही ठरत नाही. दहा-बारा सामन्यांची वही पाहिजे."

मैत्रिणीची बाजू ती अशी मांडत होती, आणि मी बाप असून दोन दिवसांपूर्वी तिची बाजू मांडू शकलो नव्हतो. मला वाईट वाटले. तरी सवयीने मी एक चूक दाखवलीच. "तीन गुणांनी हरलात, आणि तुझे दोन्ही फ्री थ्रो वाया गेले." ती म्हणाली, "हो. म्हणून रोज सकाळी पन्नास टाकते." ती पहाटे कोठे जाते, हे मला त्या दिवशी कळले.

पुढच्या सामन्याला मी अर्ध्या दिवसाची रजा काढून गेलो आणि बाकाच्या शेवटी त्या राखीव मुलीशेजारी बसलो. ती खेळाचे रकाने भरत होती, मी तिच्या पेन्सिली तासून देत होतो. वहीत न येणाऱ्या गोष्टीही तेथे दिसल्या. अंगावर येणाऱ्या मुलीपुढे घट्ट उभे राहणे, पडलेल्या मैत्रिणीला हात देणे, मागून ओरडून सावध करणे. यांना रकाना नाही. तरी वही होती म्हणून निदान कोठे पाहायचे ते मला समजले.

त्या दिवशी मुलीचे गुण झाले दोन. संघ जिंकला.

रात्री मी दाजींना फोन लावला. चूक त्यांच्यासमोर झाली होती, तेव्हा दुरुस्तीही त्यांच्यासमोरच व्हायला हवी होती. दाजींनी सवयीने विचारले, "आज किती केले पोरीने?"

मी म्हणालो, "दाजी, त्या दिवशी माझे बोलणे चुकले. हे फोनवर सांगण्यासारखे नाही. येत्या रविवारी मॅच आहे. तुम्ही या, मी तुम्हाला वही दाखवतो."

मुलगी आतल्या खोलीत बुटांच्या नाड्या धुवायला काढीत होती. ती काही बोलली नाही. पण सकाळी निघताना म्हणाली, "पप्पा, रविवारी येताना दोन पेन्सिली जास्त आणा."